झीरो सॅम्पलमध्ये उगवलेलं पीक: रॅकमधली पहिलीच नळी का बिघडते?

मिरजेची_मुलगी

नमस्कार मंडळी. तीन आठवडे डोकं पिकलंय, म्हणून शेवटी इथे मांडतेय. जरा लांब होईल.

नवी मुंबईतल्या एका सीआरओत (दुसऱ्या कंपन्यांसाठी औषधांच्या चाचण्या करणारी संस्था), रक्तातलं औषध मोजणाऱ्या विभागात, म्हणजे बायोअ‍ॅनालिटिकलला आहे. कंपनीचं नाव विचारू नका, अप्रेझल तोंडावर आहे. औषध ऑसेल्टामिविर, म्हणजे टॅमिफ्लू. २००९ साली पुण्यात स्वाइन फ्लू आला तेव्हा मी सहावीत होते. बाबांनी पेपरमधून ते नाव कापून फ्रिजवर चिकटवलं होतं. आता त्याच रेणूने झोप उडवलीय.

ज्यांचा हा विषय नाही त्यांच्यासाठी: ऑसेल्टामिविर हे प्रोड्रग, म्हणजे शरीरात गेल्यावर खरं औषध होणारं. गोळीत ते इथाइल एस्टर असतं. यकृतातलं कार्बोक्सिलएस्टरेज तो एस्टर तोडतं आणि ऑसेल्टामिविर कार्बोक्सिलेट तयार होतं. फ्लूच्या विषाणूचं न्यूरामिनिडेज अडवतं ते हे कार्बोक्सिलेट. त्यामुळे प्लाझ्मात दोन्ही मोजावी लागतात.

मानवी प्लाझ्मातली पद्धत आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी व्हॅलिडेट झालीय, छान चालते. आता एका क्लायंटच्या नव्या फॉर्म्युलेशनसाठी तीच रॅट प्लाझ्मावर आणायची होती. ५० मायक्रोलिटर प्लाझ्मा, त्यात १० मायक्रोलिटर आयएस, म्हणजे इंटर्नल स्टँडर्ड, तुलनेसाठी ठरावीक मापाने घालायचं त्याच रेणूंचं जड रूप (ऑसेल्टामिविर-डी५ आणि कार्बोक्सिलेट-डी३ एकत्र; डी म्हणजे ड्यूटेरियम, जड हायड्रोजन), व्हॉर्टेक्स, मग २०० मायक्रोलिटर अ‍ॅसिटोनायट्राइल, सेंट्रिफ्यूज, वरचं पाणी वायलमध्ये आणि तिथून रेणू वजनाने ओळखणाऱ्या मशीनवर (मास स्पेक्ट्रोमीटर). प्लाझ्माच्या हिशोबात डी५ येतं ५० नॅनोग्रॅम प्रति मिली आणि डी३ येतं २५०. कार्बोक्सिलेटचा एलएलओक्यू, म्हणजे खात्रीने मोजता येणारं सगळ्यात कमी प्रमाण, ५.

झीरो सॅम्पल, म्हणजे औषध नसलेला प्लाझ्मा अधिक आयएस. यात कार्बोक्सिलेटच्या चॅनेलला काही दिसायला नको, दिसलं तरी एलएलओक्यूच्या २० टक्क्यांच्या आत. मला दिसतंय ८ नॅनोग्रॅमएवढं! एलएलओक्यूपेक्षाही मोठं. नको तिथे पीक (ग्राफवरचा उंचवटा) आलंय आणि कापता येत नाही.

आतापर्यंत काय काय तपासलं:

आयएस न घातलेला ब्लँक प्लाझ्मा स्वच्छ. आयएस नुसता सॉल्व्हंटमध्ये घालून इंजेक्ट केला, तोही स्वच्छ. कॅरीओव्हर (आधीच्या सॅम्पलचा उरलेला अंश) नाही. कार्बोक्सिलेट-डी३ च्या सीओएवर (कुपीसोबतचं शुद्धतेचं प्रमाणपत्र) डी०, म्हणजे ड्यूटेरियम नसलेला रेणू, ०.१ टक्क्यापेक्षा कमी लिहिलंय, म्हणजे २५० मधून जास्तीत जास्त ०.२५ येईल, ८ नाही. तरी मॅनेजरसाहेबांचं म्हणणं, "लॉट खराब आहे, नवा मागव." एक मिलिग्रॅमची कुपी यायला आठ आठवडे.

आणि विचित्र गोष्ट अशी, की रॅकमधली पहिली नळी सगळ्यात वाईट (८), मधल्या मधल्या, आणि शेवटची अठ्ठेचाळिसावी जवळजवळ बरी (दीडच्या आसपास). त्याच वायल दुसऱ्या दिवशी पुन्हा इंजेक्ट केल्या तर आकडे तेच. म्हणजे ऑटोसॅम्पलरमध्ये वाढत नाही.

अजून एक. पहिल्या काही नळ्यांत डी५ च्या पीकचा एरिया १५-२० टक्के कमी येतो. पण आयएस मी साध्या पिपेटने एकेक नळीत घालते, बारा-तेरा मिनिटं जातात, सुरुवातीला हात बसलेला नसतो, त्यामुळे ते मी पिपेटिंगवर ढकललं. अ‍ॅसिटोनायट्राइल रिपीटरने, ते दोन मिनिटांत उरकतं.

कुणाला काही सुचतंय?

क्यूए_वाला

पहिल्यांदा सीओए मूळ प्रत बघा, पीडीएफवर विश्वास ठेवू नका. पिपेटचं कॅलिब्रेशन कधी झालंय? आणि डी५ चा एरिया कमी येतो हे पिपेटिंगवर ढकललं, असं कुठे लिहून ठेवलंय का? नसेल तर आत्ता लिहा, तारखेसकट. नंतर आठवून लिहिलेलं मी तरी मान्य करत नाही.

थळचा_थापाड्या

अगं मिरजेच्या मुली, उत्तर तूच लिहिलंयस, फक्त शेवटच्या परिच्छेदात टाकलंस.

एकच प्रश्न. डी५ म्हणजे पाच ड्यूटेरियम, हे कळलं. ते रेणूत *कुठे* आहेत? कुपीवरचं नाव नको, सीओएवरचं रचनेचं चित्र बघून सांग.

मिरजेची_मुलगी

काका, आत्ता उघडलं. इथाइल ग्रुपवर. सीडी२-सीडी३, एस्टरचाच. डी३ चे तिघे अ‍ॅसिटिलवर आहेत, अ‍ॅसिटामाइडच्या मेथिलवर.

…अरे देवा.

थळचा_थापाड्या

पडला ना उजेड? तरी बाकीच्यांसाठी लिहितो. अठ्ठावीस वर्षं याच धंद्यात काढलीत, आता अलिबागला बसून दुसऱ्यांचे क्रोमॅटोग्राम बघायला मिळाले की बरं वाटतं.

तुझ्या डी५ ऑसेल्टामिविरचे पाचही ड्यूटेरियम त्या इथाइलवर. एस्टरेजने एस्टर तोडला की इथाइल जातं इथेनॉल होऊन, आणि पाचही ड्यूटेरियम त्याच्याबरोबर बाहेर. मागे उरतं ते साधं, लेबल नसलेलं ऑसेल्टामिविर कार्बोक्सिलेट. तू जे मोजतेयस तेच. मशीनला कसं कळणार की हे औषधातून आलं की तुझ्या आयएसमधून? कुंपणाने शेत खाल्लंय, बाकी काही नाही.

आता तुझी रॅक. पहिल्या नळीत आयएस पडला आणि ती बारा मिनिटं प्लाझ्मासकट उभी राहिली. शेवटच्या नळीला दोनेक मिनिटंच मिळाली. अ‍ॅसिटोनायट्राइल पडलं की प्रथिनं साकळतात, एन्झाइम मरतं, पुढे काही होत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी आकडा तोच. सॉल्व्हंटमध्ये एन्झाइमच नाही, म्हणून तिथे स्वच्छ. आणि रॅटच्या प्लाझ्मात कार्बोक्सिलएस्टरेज भरपूर असतं. माणसाच्या प्लाझ्मात त्या मानाने अगदी थोडं, ते मुख्यतः यकृतात. म्हणून जुनी पद्धत माणसावर दोन वर्षं खपून गेली.

हिशोबही बसतो. डी५ ऑसेल्टामिविरचा रेणुभार साधारण ३१७.४, कार्बोक्सिलेटचा २८४.४. म्हणजे ५० नॅनोग्रॅम सगळं तुटलं तर ४५ च्या आसपास कार्बोक्सिलेट होईल. तुला दिसतंय ८. म्हणजे १८ टक्के तुटलं. आणि डी५ चा एरिया किती कमी? १५-२० टक्के. तुझ्या पिपेटने काही वाकडं केलेलं नाही, बिचारीची माफी माग.

आता दुसरी गोष्ट, जी आज तुला छळत नाहीये पण उद्या छळेल. कार्बोक्सिलेट तू कुठल्या ट्रान्झिशनवर बघतेस? (मशीन अख्खा रेणू पकडतं, तो फोडतं आणि एक तुकडा मोजतं; त्या दोन वजनांची जोडी म्हणजे ट्रान्झिशन.) २८५ → १३८ असेल, बहुतेक सगळे तेच लावतात. हे १३८ येतं कुठून ते कागदावर मांड. २८५ मधून आधी ३-पेंटॅनॉल जातं, ८८. राहिले १९७. मग अ‍ॅसिटामाइड जातं, ५९. राहिले १३८. डी३ कुठे आहेत? अ‍ॅसिटामाइडवर! म्हणजे कोलिजन सेलमध्ये (मशीनमध्ये रेणू फुटतो ती जागा) ते अ‍ॅसिटामाइडसोबतच निघून जातात, आणि आयएसचाही तुकडा १३८ किंवा फार तर १३९ वर येऊन बसतो. क्यू१, म्हणजे फोडण्याआधीचं वजन, वेगळं म्हणून चालून जातं. पण मशीन जुनं असेल, ड्वेल टाइम (एका चॅनेलवर थांबायचा वेळ) तोकडा असेल, तर सेलमध्ये रेंगाळलेले आयएसचे आयन पुढच्या चॅनेलला मोजले जातात. त्यापेक्षा २८५ → १९७ आणि २८८ → २०० लाव. तिथे लेबल अजून तुकड्यावरच असतं. सिग्नल कमी मिळेल, पण झोप लागेल.

गंमत बघ. ऑसेल्टामिविरचं ३१३ → १६६ घेतलं, तर त्या १६६ मध्ये इथाइल एस्टर शाबूत असतो, म्हणून डी५ वाल्याचा तुकडा छान १७१ वर येतो. तुझ्या एका आयएसचं लेबल मशीनमध्ये टिकतं आणि नळीत गळतं. दुसऱ्याचं नळीत टिकतं आणि मशीनमध्ये गळतं. दोन्ही कुपींवर नुसतं 'डी' आणि आकडा.

२०२० मध्ये आमच्याकडे फॅविपिराविरचं काम आलं होतं. वरिष्ठ म्हणाले, "ड्यूटेरेटेड फॅविपिराविर मागवा." मी रचना काढून त्यांच्या टेबलावर ठेवली. अख्ख्या रेणूत हायड्रोजन चार. त्यातला एकच कार्बनवर. बाकी दोन अमाइडच्या नायट्रोजनवर, एक ऑक्सिजनवर. नायट्रोजन-ऑक्सिजनवरचा ड्यूटेरियम पाण्यात टाकला की डोळ्याचं पातं लवायच्या आत साधा हायड्रोजन होऊन बसतो. राहिला एक, आणि एका एककाच्या फरकावर आयएस उभा राहत नाही. निसर्गातल्या कार्बन-१३ मुळे औषधाचा स्वतःचाच एम+१, म्हणजे एक एकक जड रेणू, तिथे असतो. निदान तीनचा फरक हवा. शेवटी कार्बन-१३ आणि नायट्रोजन-१५ वालं घेतलं. महाग पडलं, पण ते लेबल रेणूच्या हाडात असतं, कातडीवर नाही.

नुसताच_वाचक

मी या क्षेत्रातला नाही, अ‍ॅक्टिव्हिटी फीडमध्ये दिसलं म्हणून वाचतोय. ड्यूटेरियम म्हणजे ते अणुभट्टीतलं जड पाणी ना? मग ही पोरं हातमोजे घालून किरणोत्सर्गी द्रव्य हाताळतात की काय? आणि असलं औषध कुणाला खायला घालतात?

थळचा_थापाड्या

हाताळा बिनधास्त. किरणोत्सर्गी तो ट्रिटियम, याचा धाकटा भाऊ. ड्यूटेरियम स्थिर आहे, त्याचा क्षय होत नाही, चमकत नाही. तुमच्या पिण्याच्या पाण्यातही आहे, दर दहा लाख हायड्रोजनमागे दीडशेच्या आसपास. केंद्रात एक न्यूट्रॉन जास्त, बस. हॅरॉल्ड यूरीने १९३१ मध्ये शोधला आणि १९३४ मध्ये नोबेल घेऊन मोकळा झाला.

माझं नाव उगाच थळचा नाही. आमच्या गावाच्या शेजारीच हेवी वॉटर बोर्डाचा कारखाना, १९८७ पासून. त्याच्या शेजारी आरसीएफचा खत कारखाना. खतासाठी अमोनिया करायला जो नायट्रोजन-हायड्रोजनचा वायू लागतो, तो आधी जड पाण्याच्या कारखान्यातून फिरून येतो. तिथे द्रवरूप अमोनियाशी त्याची गाठ घालतात, पोटॅशियम अमाइड उत्प्रेरक म्हणून, आणि वायूतला ड्यूटेरियम अमोनियात उतरतो. उरलेला वायू परत खताकडे. म्हणजे भातावर टाकायचा युरिया आणि अणुभट्टीचं जड पाणी एकाच वायूचे. लहानपणी आम्हाला एवढंच ठाऊक की "तिकडे पाणी जड करतात". मास्तरांनी सांगितलं होतं की त्याचा बर्फ साध्या पाण्यात बुडतो. आम्हाला वाटलं थाप. खरं आहे, अकराएक टक्के जड असतं ते.

रसायनवाल्यांच्या हातातल्या सगळ्या ड्यूटेरियमचं मूळ असंच कुठल्या तरी जड पाण्यात. त्यापासून ड्यूटेरेटेड मेथॅनॉल, त्यापासून सीडी३ आयोडाइड, अ‍ॅसिटिक अनहायड्राइड, आणि मग मिरजेच्या मुलीची एक मिलिग्रॅमची कुपी.

आणि हो, खायलाही घालतात. आयएस नव्हे, औषधातच ड्यूटेरियम असलेली औषधं आहेत. पहिलं मान्य झालं ते ड्यूटेट्राबेनाझिन, अमेरिकेत २०१७ मध्ये, हंटिंग्टनच्या रोगातल्या अनावर हालचालींसाठी. कार्बन-ड्यूटेरियमचा बंध कार्बन-हायड्रोजनपेक्षा थोडा चिवट, त्यामुळे यकृताला तो तोडायला जास्त वेळ लागतो. जिथे तोडणं हीच सगळ्यात हळू पायरी असेल तिथे वेग सहा-सात पटीपर्यंत पडू शकतो. नसेल तर काही म्हणजे काही फरक नाही.

गावाकडचा_डॉक्टर

विषय विषाणूविरोधी औषधांचा आहे म्हणून एक आठवण लिहितो. सोलापूर जिल्ह्यात प्रॅक्टिस. २००४ मध्ये सरकारी मोफत एआरटी (एचआयव्हीवरची औषधं) सुरू झाली तेव्हाची गोष्ट. गोळीत नेव्हिरापिन असायचं. पहिले चौदा दिवस दिवसातून एकदाच २०० मिलिग्रॅम, मग दोनदा. हे चौदा दिवस मी रुग्णाला बोटांवर मोजून दाखवायचो, कारण पुरळ. एक ऊसतोड करणारी बाई दहाव्या दिवशी आली, पाठभर लाल चट्टे, तोंडात फोड. तोंडातले फोड बघून माझ्या पोटात गोळा आला. औषध तिथल्या तिथे बंद केलं, मोठ्या दवाखान्यात पाठवलं. वाचली. पण तिच्या नवऱ्याने गावभर सांगितलं की सरकारी गोळीने बाई भाजली, आणि पुढचे चार महिने त्या गावातून एकही पेशंट आला नाही.

पुढे कधीतरी वाचनात आलं की ही पुरळ मूळ औषधाने नाही तर त्याच्या एका मेथिलवर यकृत जे करतं त्याने येते, आणि हे शोधायला ड्यूटेरियमच वापरलं होतं. थापाड्याकाका, हे जरा उलगडून सांगाल का? मी एमबीबीएस, बेंझिनचं वलय दिसलं की पान उलटतो.

थळचा_थापाड्या

डॉक्टरसाहेब, हे माझं सगळ्यात आवडतं उदाहरण.

नेव्हिरापिनच्या वलयावर एक मेथिल आहे, बारावा कार्बन म्हणतात. यकृत तिथे ऑक्सिजन बसवतं, १२-हायड्रॉक्सी नेव्हिरापिन होतं. ते रक्तातून त्वचेत जातं, त्वचेतलं एक एन्झाइम त्यावर सल्फेट चढवतं, आणि तो सल्फेट अस्थिर. पटकन निसटतो आणि मागे जे उरतं ते त्वचेच्या प्रथिनांना जाऊन चिकटतं. शरीराला वाटतं परकं आलं. मग चट्टे.

आता हे सिद्ध कसं करायचं? संशय चार ठिकाणी असू शकतो. ब्राउन नॉर्वे जातीच्या रॅट माद्यांना नेव्हिरापिन दिलं की माणसासारखीच पुरळ येते, हे आधीच माहीत होतं. मग टोरांटोच्या लोकांनी त्या एकाच मेथिलचे तीन हायड्रोजन काढून तीन ड्यूटेरियम बसवले. बाकी रेणू तोच, आकार तोच, विषाणूवरचं काम तेच. फक्त तो एक बंध चिवट. पुरळ कमी झाली. म्हणजे वाट त्या मेथिलवरूनच जाते. चोर कुठल्या दारातून येतो हे बघायला त्या एका दाराला जरा जाड कुलूप लावायचं, असा प्रकार. कुलूप इकडचं तिकडे लावलं असतं तर काहीच कळलं नसतं.

एचआयव्हीचंच दुसरं, अटाझानाविर. अमेरिकेतल्या कॉन्सर्ट नावाच्या कंपनीने त्याचं ड्यूटेरेटेड रूप केलं, सीटीपी-५१८. हेतू असा की औषध रक्तात जास्त टिकेल आणि सोबत रिटोनाविर द्यावं लागणार नाही. माणसांत पहिल्या टप्प्यापर्यंत गेलं, बाजारात आलं नाही. आणि हिपॅटायटिस सी वालं टेलाप्रेविर. त्यात तर यकृताचा प्रश्नच नव्हता. कीटोनशेजारचा एक हायड्रोजन आपोआप सुटून परत उलट्या बाजूने बसायचा आणि रेणू डावखुरा व्हायचा. तिथे ड्यूटेरियम बसवला तर तो उलटायला वेळ लागतो. रॅटमध्ये फायदा दिसला, पण किरकोळ.

कोविडमधलं सांगायचं तर व्हीव्ही११६. रेमडेसिविरचे किस्से इथे कुणाला सांगायला नकोत, एप्रिल २०२१ मध्ये एकेका कुपीसाठी लोक रात्रभर रांगेत होते. रेमडेसिविर शिरेतूनच द्यावं लागतं. शरीरात त्याचा जो मूळ न्यूक्लिओसाइड होतो, जीएस-४४१५२४, त्याच्या बेसवर एक ड्यूटेरियम आणि साखरेवर तीन आयसोब्युटिरेट एस्टर लावून चिनी संशोधकांनी तोंडाने घ्यायची गोळी केली. २०२२ च्या ओमिक्रॉन लाटेत ८२२ जणांवर पॅक्सलोविडशी तुलना झाली. लक्षणं जायला मध्यक ४ दिवस विरुद्ध ५. जानेवारी २०२३ मध्ये चीनमध्ये सशर्त परवानगी. बातम्यांत "ड्यूटेरेटेड रेमडेसिविर" म्हणून गाजलं. माझं मत विचाराल तर तोंडाने घेता येण्याचं श्रेय त्या तीन एस्टरचं. ड्यूटेरियमला मी फार हार घालणार नाही. आणि बायोअ‍ॅनालिटिकलवाल्यांनी हेही लक्षात घ्यावं की इथे औषधातच एक डी आहे. म्हणजे साधा जीएस-४४१५२४ आणि एस्टर तुटल्यावर यातून उरणारा, दोघांत फरक एका एककाचा. एकाचा आयएस म्हणून दुसरा वापरायला गेलात तर पुन्हा इथेच धागा काढाल.

हळू_गाळण

उशिरा येतोय. मुख्य प्रश्नाकडे. काकांचं निदान बरोबर, पण मिरजेची_मुलगी, आता घाईने "ऑसेल्टामिविर-डी३, अ‍ॅसिटिलवालं" मागवून मोकळी होऊ नकोस. दुखणं जाणार नाही, फक्त कूस बदलेल.

अ‍ॅसिटिल-डी३ ऑसेल्टामिविर तुटलं की काय होईल? कार्बोक्सिलेट-डी३. म्हणजे तुझा दुसरा आयएस! झीरो सॅम्पल एकदम चकचकीत दिसेल, ऑडिटर खूश. पण कार्बोक्सिलेटच्या आयएसमध्ये थोडी थोडी भर पडत राहील, पहिल्या नळीत जास्त, शेवटच्या नळीत कमी, आणि कार्बोक्सिलेटचे आकडे तेवढे खाली येतील. तुझ्या आकड्यांत २५० वर ८ म्हणजे तीनएक टक्के. कुणाच्या नजरेत येणार नाही. मला ते जास्त भीतीदायक वाटतं.

आयएस अ‍ॅसिटोनायट्राइलमध्येच मिसळून एकदम घाला, म्हणजे आयएस आणि एन्झाइमची भेटच होणार नाही, असं कुणीतरी सुचवेल. मीही केलंय. आयएस वाचतो. पण सॅम्पलमधलं खरं औषध? ते रॅटच्या शेपटीतून रक्त काढल्यापासून तुटतच आहे. सेंट्रिफ्यूजमध्ये, बर्फाच्या डब्यात, वितळवताना. ते थांबवायला इनहिबिटर (एन्झाइम अडवणारं रसायन) रक्ताच्या नळीतच हवा.

माणसांसाठी सोडियम फ्लोराइड-ऑक्झलेटच्या नळ्या चालतात, करड्या टोपीच्या, शुगर तपासायला वापरतात त्याच. रॅटला नुसता फ्लोराइड पुरतो का ते आधी तपास. नाही पुरला तर डायक्लोरव्हॉस.

मिरजेची_मुलगी

डायक्लोरव्हॉस म्हणजे नुवान?! आमच्याकडे कपाशीवर मारायचे ते? बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "ते तर बंद झालं ना, आणि तू रक्तात घालतेस?"

हळू_गाळण

तेच. शेतीसाठी २०२० च्या अखेरीस बंद झालं. किड्याचं जे एन्झाइम ते अडवतं, त्याच घराण्यातलं एस्टरेजही अडवतं. सूक्ष्म प्रमाणात, फ्यूम हूडमध्ये, दुहेरी हातमोजे. आणि ते मॅट्रिक्समध्ये, म्हणजे प्लाझ्मात, आलं म्हणजे मॅट्रिक्स इफेक्ट (बाकीच्या घटकांनी सिग्नल दाबणं किंवा फुगवणं) पुन्हा तपासायचा.

तसंच सी१८ कॉलमवर (रेणू वेगळे करणारी नळी) डी५ साध्यापेक्षा किंचित आधी येतो, दोन पीकच्या शेंड्यांत सेकंदभराचा फरक दिसला तर घाबरू नकोस. पण बरोबर त्या सेकंदात प्लाझ्मातलं काही सिग्नल दाबत नाही ना, ते सहा वेगवेगळ्या लॉटमध्ये बघ. कार्वेडिलॉल या रक्तदाबाच्या औषधात लोक यात पोळलेत.

मिरजेची_मुलगी

अपडेट. शनिवारी सुट्टीच्या दिवशी येऊन केलं, कारण रोजच्या बॅचमध्ये मशीन मिळत नाही.

तीन संच: प्लाझ्मात नुसता डी५, नुसता कार्बोक्सिलेट-डी३, आणि दोन्ही. बेंचवर ०, १५, ६० मिनिटं. शून्याला अ‍ॅसिटोनायट्राइल आधी, आयएस नंतर.

नुसता डी३: साठ मिनिटांनंतरही स्वच्छ. बिचारा निर्दोष होता आणि त्याची नवी कुपी समुद्रमार्गे की कुठून येतेय.

नुसता डी५: शून्याला स्वच्छ, १५ ला १० च्या आसपास, ६० ला २८. डी५ चा एरिया त्याच मापाने खाली. प्रिंट काढून दोन्ही एकावर एक धरले खिडकीत, एक चढतोय एक उतरतोय, मधोमध फुली. आमच्या लॅबमधल्या मावशी लादी पुसत होत्या, त्यांनी विचारलं, "पास झालीस का?"

बर्फावर कमी, पण आहेच. फ्लोराइडने मंदावतं, थांबत नाही. डायक्लोरव्हॉसने साठ मिनिटांनाही काही नाही.

ट्रान्झिशन १९७/२०० केलं. सिग्नल निम्म्याहून कमी झाला, पण एलएलओक्यू ५ ला पुरतो.

मॅनेजरसाहेबांना दाखवलं. ते दोन मिनिटं रचनेकडे बघत राहिले, मग म्हणाले, "मग मानवी पद्धतीत?" मी गप्प. तिथेही तोच डी५ आहे ना.

आता खरा प्रश्न. पहिल्या गटाच्या रॅटचे सॅम्पल आधीच गोळा झालेत, साध्या ईडीटीए नळ्यांत, इनहिबिटर नाही. उणे ७० वर आहेत. त्यांचं काही करता येईल का?

क्यूए_वाला

नाही.

रक्त काढल्यापासून प्लाझ्मा गोठेपर्यंत किती मिनिटं गेली याची नोंद प्रत्येक नळीला आहे का? असली तरी प्रत्येक प्राण्याचं एन्झाइम वेगळं, उलटा हिशोब मांडता येत नाही. ऑसेल्टामिविर कमी दिसेल, कार्बोक्सिलेट जास्त, आणि किती ते कुणीच सांगू शकणार नाही. पुन्हा डोसिंग. इन्व्हेस्टिगेशनमध्ये शनिवारचे क्रोमॅटोग्राम जोडा, आणि कृपा करून "लॉट खराब" हा शब्द कुठल्याही मसुद्यात राहू देऊ नका. मानवी पद्धतीसाठी स्वतंत्र इन्व्हेस्टिगेशन उघडा, यातच गुंडाळू नका.

मिरजेची_मुलगी

गुरुवारी क्लायंटबरोबर कॉल आहे. बोलायचं मला आहे असं आत्ताच कळलं.

थळचा_थापाड्या

मग पहिल्या स्लाइडवर आकडे नको टाकूस. दोन रेणू शेजारी शेजारी काढ, हाताने काढलेस तरी चालेल, आणि ड्यूटेरियम लाल पेनने. एस्टरवर कात्रीची खूण कर. मग गप्प बस आणि समोरच्याला बघू दे. समोर एक जरी केमिस्ट असेल तर पुढची स्लाइड लागणार नाही.

आणि ती डी३ ची नवी कुपी आली की परत पाठवू नकोस. पुढच्या वर्षी लागेल. फक्त मार्करने झाकणावर लिहून ठेव: 'अ‍ॅसिटिल'.